गाडीच्या पोटाखालचे पोलाद

भोर आणि वेल्हे तालुक्यांचा (वेल्ह्याचे सरकारी नाव आता राजगड तालुका) दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. थरावर थर साचून निवलेला हा काळा बसाल्ट घनमीटरला जवळपास तीन टन भरतो. १४०३ मीटर उंचीचा तोरणा याच दगडाचा आणि त्याच्या पायथ्याच्या ओढ्यांतले गोटेही याच दगडाचे. पावणेदोन टनांची जीप अशा गोट्यावर पोटाने टेकली, तर गोट्याचा टवकाही उडत नाही. जे व्हायचे ते गाडीचे होते आणि तेही तिच्या सर्वांत नाजूक जागी.

इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे जे भांडे असते, त्याला गॅरेजात ‘चेंबर’ म्हणतात. काही गाड्यांत तो दाबून घडवलेला पातळ पत्रा असतो, काहींत ओतीव अ‍ॅल्युमिनियम. पत्रा आत दबून तेल ओढणाऱ्या नळीचे तोंड बुजवतो, तर ओतीव अ‍ॅल्युमिनियम सरळ तडकते. शेवट दोन्हींचा एकच. तेलाचा दाब जातो, बेअरिंगे कोरडी पडतात आणि इंजिन सीझ होते. चेंबरच्या मागे गिअरबॉक्स, त्याच्या मागे चारही चाकांना ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस आणि आणखी मागे कुठेतरी डिझेलची टाकी. हे सगळे झाकणारा जाड पत्रा म्हणजे स्किड प्लेट. मार खाणे हे तिचे दुय्यम काम आहे. पहिले काम गाडीला दगडावरून घसरत पुढे जाऊ देणे. दगडधोंड्यांच्या वाटेने जाणाऱ्या बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकत, त्याच जातीचा हा उपाय. फरक इतकाच की बैल दगड पाहून पाय टाकतो.

कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या ट्रान्स्फर केसखाली कारखान्यातच पत्रा बसवलेला असे. त्या जीपच्या मागच्या बाजूला अखंड बंपर नव्हताच. दोन कोपऱ्यांना दोन आखूड बंपर आणि मधोमध ओढायचा भक्कम हूक, एवढेच. मागून टेकल्यावर अडेल असे काही ठेवायचे नाही आणि ओढता येईल असे काहीतरी ठेवायचेच, ही त्यामागची युद्धकाळातली अक्कल आजच्या हौशी बंपरवाल्यांनी पुन्हा पाहण्यासारखी आहे. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत याच विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. तिचा वंश पुढे एमएम ५४०, कमांडर असा वाढत २०१० च्या आणि मग २०२० च्या थारपर्यंत आला. मावळातल्या वाड्यांना वडापच्या जीपगाड्या नव्या नाहीत. मागे उभ्या माणसांसाठी लावलेली लोखंडी पायरी आणि पकडायला वेल्ड केलेला पाइप हे या भागात गाडीच्या मागे केलेले पहिले फॅब्रिकेशन म्हणायला हरकत नाही.

इथल्या वाटा गाडीला चार-पाच वेगळ्या तऱ्हांनी मारतात आणि पत्रा बनवणाऱ्याला त्या माहीत असाव्या लागतात. वरंधा घाटाच्या किंवा केळदकडच्या डांबरी रस्त्यावर काही होत नाही. डांबर संपल्यावर बैलगाडी आणि ट्रॅक्टरने खोल केलेल्या चाकोऱ्या लागतात. चाके चाकोरीत उतरली की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. फरशी पुलाची काँक्रीटची कड एका पावसाळ्यात वाहून जाते आणि पुढचा पत्रा तिथे समोरून धडकतो. ओढ्यातले गोटे पाण्याने गुळगुळीत झालेले असतात. ते घासत नाहीत, पण चाकाखालून सटकतात आणि गाडी एकदम एका कोपऱ्यावर आदळते. भातखाचरांच्या बाजूचा चिखल पत्र्याच्या वर साचून वाळतो, मग त्याचे किलोच्या किलो ओझे महिनोन्‌महिने फुकट फिरते. आणि सर्वांत दुर्लक्षित धोका पावसाळ्यानंतरचा, तो म्हणजे वाळलेले गवत. त्याच्याकडे पुढे येऊ.

आधी जाडीचा हिशेब, कारण सगळी गंमत त्यात आहे. पोलादाच्या एक चौरस मीटर पत्र्याचे वजन दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो. म्हणजे ४ मिलिमीटरचा पत्रा ३१.४ किलो आणि ६ मिलिमीटरचा ४७ किलो. वजन जाडीच्या पटीत वाढते. वाकायला होणारा विरोध मात्र जाडीच्या घनाच्या पटीत. ३ ऐवजी ६ मिलिमीटर घेतला तर वजन दुप्पट आणि ताठपणा आठपट. आता अ‍ॅल्युमिनियम पाहा. त्याची लवचीकता पोलादाच्या जवळपास तिप्पट, पण वजन एक तृतीयांश. ६ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ४ मिलिमीटर पोलादापेक्षा थोडा अधिकच ताठ निघतो आणि भरतो फक्त १६ किलो, म्हणजे निम्मा. कागदावर अ‍ॅल्युमिनियम जिंकले. वाटेवर उतरल्यावर चित्र बदलते. मऊ अ‍ॅल्युमिनियमला बसाल्टची धार चावते, गाडी घसरण्याऐवजी अडकते आणि पत्र्यावर खोल चरे उठतात. पोलाद घसरते. शिवाय वाकलेले पोलाद गावातला वेल्डर घणाने सरळ करून देतो, अ‍ॅल्युमिनियमला वेगळे वेल्डिंग आणि वेगळा हात लागतो. या दोन तालुक्यांपुरते माझे मत ४ मिलिमीटर साध्या पोलादाच्या बाजूने आहे. आय. एस. २०६२ मानकातला ई २५० हा सर्वत्र मिळणारा पत्रा चौरस मिलिमीटरला २५० न्यूटनपर्यंत ताण कायमचा न वाकता घेतो. तो पुरतो.

पुरतो, कारण ताकद निव्वळ जाडीत नसते, ती घडीत असते. सपाट ४ मिलिमीटरचा पत्रा बोटभर बाकतो. त्याच्याच कडा दोन्ही बाजूंनी वर वळवल्या तर तोच पत्रा जॅकवर गाडी पेलतो. ही घडी हातोड्याने येत नाही. बेंडिंग मशिनवर ४ मिलिमीटर पत्र्याला मीटरभर लांब वाक द्यायला सुमारे ३० टन दाब लागतो आणि खालची खाच पत्र्याच्या आठपट रुंद, म्हणजे ३२ मिलिमीटर ठेवावी लागते. खाच अरुंद घेतली तर वाकाच्या बाहेरच्या बाजूला तडा जातो. अशी मशिने वेल्ह्यात शोधत बसू नये. नऱ्हे, भोसरी, शिरवळ या पट्ट्यात ती आहेत. मापे घ्यायचे आणि बसवायचे काम मात्र कुठेही होते.

मापे घेण्याची पद्धत इतकी साधी आहे की विश्वास बसत नाही. गाडी रॅम्पवर घेऊन खालचा चिखल धुवायचा आणि पुठ्ठा लावून पाहायचा. जिथे पाइप, नळी, वायर आड येते तिथे पुठ्ठा कापायचा, जिथे चासीला कारखान्यातली रिकामी भोके आहेत तिथे खूण करायची. चांगला कारागीर चासीला नवे भोक पाडत नाही आणि तिच्यावर वेल्डिंग तर मुळीच करत नाही. वेल्डच्या आजूबाजूच्या धातूची घडण उष्णतेने बदलते आणि काही वर्षांनी तडा तिथूनच सुरू होतो. पुठ्ठ्याचा साचा पत्र्यावर उतरवला की लेझर किंवा प्लाझ्मा कटिंग. आतल्या अंगाला उभ्या पट्ट्या जोडायच्या त्या गाडीच्या लांबीच्या दिशेने. वेल्ड सलग मारला तर निवताना धातू आखडतो आणि पत्रा पिळवटतो, म्हणून आधी टाके मारायचे, मग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला असे तुटक वेल्ड. गाडीवरच काही जोडायची वेळ आली तर बॅटरीची वायर आधी काढायची; नाहीतर इंजिनाच्या कॉम्प्युटरची आहुती ठरलेली.

बारीकसारीक गोष्टींत कारागिराची पारख होते. पुढच्या पत्र्याची मागची कड मागच्या पत्र्याच्या पुढच्या कडेच्या खाली यायला हवी. उलटे बसवले तर मागचा पत्रा पहिल्याच दगडाला नांगरासारखा अडतो. बोल्टचे डोके पत्र्याच्या पृष्ठभागापेक्षा खाली दडलेले हवे, बाहेर राहिले तर दगड ते सोलून काढतो आणि पत्रा मग छिन्नीनेच उतरवावा लागतो. बोल्ट ८.८ प्रतीचे घ्यावेत. त्या आकड्याचा अर्थ चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनला तुटणारे आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कायमचे न ताणणारे. पत्रा आणि चेंबर यांच्यात बोट-दीड बोट मोकळे ठेवायचे, कारण पत्रा मार खाताना बाकणारच. तेल सोडायच्या नटासमोर हाताचा पाना जाईल एवढे भोक हवे. ते नसेल तर दर सर्व्हिसिंगला सगळा पत्रा उतरवायचा कंटाळा येतो आणि एका वेळी तो उतरवलेलाच राहतो. चिखल धुवायला आणखी चार-सहा भोके. पावडर कोटिंगवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, पहिल्या ओढ्यात ते जाते. रेड ऑक्साइड मारून वर काळा रंग, आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा एक हात.

आता गवताचे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी गाळणी असते. साचलेली काजळी ती मधूनमधून स्वतःच जाळते आणि त्या वेळी आतले तापमान सहाशे अंशांच्या घरात जाते. दिवाळीच्या सुमारास या डोंगरउतारांवर कमरेएवढे गवत वाळून उभे असते. ते पत्रा आणि सायलेन्सर यांच्या फटीत भरले की पुढचे सांगायला नको. म्हणून पत्रा सायलेन्सरखाली बंद ठेवू नये, हवा खेळायला चिरा सोडाव्यात आणि गवतातून आल्यावर खाली वाकून पाहावे. मुळात सड्यांवर आणि रानफुलांच्या पठारांवर गाडी घालूच नये, हा झाला सरळ मार्ग.

एक भाग असा की त्याला चासीचा पत्रा झाकूच शकत नाही: थारसारख्या गाडीच्या मागच्या अखंड अ‍ॅक्सलमधला गोळा, डिफरन्शियल. तो चाकांबरोबर वरखाली होतो आणि गाडीखालची सर्वांत खालची जागा त्याचीच. पण तो मुळातच जाड आणि दणकट असतो, बरेच सोसतो. त्याला वाचवायचे काम पत्र्याचे नाही, चालवणाऱ्याचे. वेगाचा हिशेब इथे निर्दय आहे. पावणेदोन टनांची गाडी ताशी ५ किलोमीटरने दगडाला भिडली तर सुमारे १७०० जूल ऊर्जा जिरवावी लागते. २० किलोमीटरने भिडली तर २७,००० जूल. वेग चौपट, मार सोळापट. ४ मिलिमीटरचा पत्रा पहिला मार हसत घेतो, दुसरा कोणताच पत्रा घेत नाही.

मागच्या बंपरची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती अर्धी फॅशनची वाटते. ओढ्यातून वर चढताना गाडीचे शेपूट टेकते. मागच्या चाकापासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत जो कोन बनतो, तो थारला साधारण ३६ अंश आहे. कोपरे वर कापलेला लोखंडी बंपर हा कोन वाढवू शकतो, हा त्याचा खरा फायदा. दुसरा फायदा ओढायचे कान. वेल्ह्याकडे रुतलेली गाडी बहुधा शेतकऱ्याचा ट्रॅक्टर काढतो. झटका बसला की ओढायच्या पट्ट्यावरचा ताण गाडीच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त होतो. कान बंपरवर नुसता चिकटवून वेल्ड केला असेल तर तो सुटून गोळीसारखा उडतो. तो बंपरच्या पत्र्याला चीर पाडून आरपार घालावा, दोन्ही बाजूंनी वेल्ड करावा आणि मागे चासीच्या ब्रॅकेटला बोल्टने धरावा. पट्टा अडकवायचे पाऊण इंची शॅकल ४.७५ टनांचे असते, कान त्याच्या तोडीचा असावा. ट्रॉली जोडायच्या गोल बॉलला कधीही पट्टा अडकवू नये.

तोटे मात्र पदरात जास्त पडतात. ५० किलोचा बंपर मागच्या अ‍ॅक्सलपासून ९० सेंटिमीटर मागे टांगला आणि गाडीच्या दोन अ‍ॅक्सलमध्ये २४५० मिलिमीटर अंतर असले, तर मागच्या चाकांवर ५० नव्हे, ६८ किलो वाढतात आणि पुढची चाके १८ किलोने हलकी होतात. चढावर आधीच हलक्या झालेल्या स्टिअरिंगला हे परवडत नाही. आणि प्लास्टिकचा बंपर व त्यामागची पट्टी चुरगळून जो धक्का गिळतात, तो ताठ पोलाद जसाच्या तसा चासीत आणि तिथून आतल्या माणसांच्या मानेत पोचवते. मागून येऊन धडकलेल्या दुचाकीवाल्याचे काय होईल, ते वेगळेच.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या पुस्तकातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. गाडीचे रिकामे वजन हा त्याच तपशिलाचा भाग. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकच लावला. त्याआधी ७ डिसेंबर २०१७ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाड्यांवरचे क्रॅश गार्ड आणि बुल बार कलम ५२ चा भंग ठरवून कारवाई करायला राज्यांना कळवले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पोटाखालचा पत्रा बाहेरून दिसत नाही आणि कोणाला लागत नाही, पण वजनाचा नियम त्यालाही आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारून घ्यावे.

भोर-वेल्ह्यातल्या वाटांसाठी चेंबरखाली आणि गिअरबॉक्सखाली ४ मिलिमीटरचे दोन पत्रे, मागे चासीला बोल्टने धरलेला एक भक्कम कान आणि पहिल्या गिअरचा संथ वेग, एवढे पुष्कळ झाले. मागचा कारखान्यातला बंपर आहे तसाच राहू द्यावा. आणि नवा पत्रा लावल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.