अप्पांचा एलएफटी रिपोर्ट आणि परस्पर बंद केलेली गोळी

(पॉडकास्टच्या या भागाचं थोडं संपादित शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि घरातल्या ज्येष्ठांनाही वाचून दाखवा.)

आजचा विषय आमच्याच घरातून आलाय.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, वय वर्षं ७४. सहा वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, चालू आहे. मागच्या वर्षी त्यांनी 'फुल बॉडी चेकअप' केलं. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. त्यात दोन आकडे ठळक अक्षरांत होते: एसजीपीटी ६४ आणि एसजीओटी ४६.

अप्पांनी कुणाला काही सांगितलं नाही. रात्रभर इंटरनेटवर वाचत बसले. सिरोसिस, कॅन्सर, सगळं वाचून झालं. आणि कुठेतरी वाचलं की कोलेस्टेरॉलच्या गोळीने लिव्हर बिघडतं. झालं, दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद! आम्हाला कळलं तीन आठवड्यांनी, आईने गोळ्यांचा डबा भरताना. विचारलं तर म्हणतात, "अरे, हृदय सांभाळायला जाऊन लिव्हर घालवू का मी?"

प्रश्न चुकीचा नव्हता. पण उत्तर त्यांनी डॉक्टरांना न विचारताच ठरवून टाकलं होतं. म्हणून आज हा रिपोर्ट कसा वाचायचा, ते नीट बघूया.

नावातच थोडी गफलत आहे

एलएफटी म्हणजे 'लिव्हर फंक्शन टेस्ट'. पण गंमत बघा, ज्या आकड्यांनी आपण घाबरतो, ते एसजीपीटी आणि एसजीओटी (काही रिपोर्टवर एएलटी आणि एएसटी लिहितात) यकृत किती काम करतंय हे सांगतच नाहीत. ही पेशींच्या आतली एन्झाइम्स. पेशींना इजा झाली की ती रक्तात झिरपतात. म्हणजे 'कुठेतरी गळती आहे' एवढाच निरोप. यकृताच्या कामाचा अंदाज येतो तो अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे पीटी-आयएनआर, यांवरून. अप्पांचे हे तिन्ही व्यवस्थित होते. पण ते आकडे ठळक नव्हते ना, मग त्यांच्याकडे बघतंय कोण!

दुसरं, 'नॉर्मल' म्हणजे काय? बहुतेक वेळा निरोगी लोकांच्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे जिथे बसतात, ती मर्यादा. म्हणजे व्याख्येनुसारच दर २० निरोगी माणसांतला एक जण रेषेबाहेर जाणार. एका पॅकेजमध्ये साठ-सत्तर चाचण्या असतील तर एखादा आकडा ठळक येणं यात नवल काय?

प्रत्येक आकडा लिव्हरचाच असतो असं नाही

एसजीओटी स्नायूंमध्येही असतं. पडून मुका मार लागला, अंगमेहनत जास्त झाली, तरी वाढतं. अल्कलाइन फॉस्फटेज हाडांतूनही येतं. फ्रॅक्चर भरून येत असेल किंवा 'ड' जीवनसत्त्व फारच कमी असेल, तर ते वाढू शकतं. मग डॉक्टर जीजीटी बघतात. तेही वाढलेलं असेल तर रोख यकृताकडे किंवा पित्तनलिकेकडे, नाहीतर हाडांकडे.

आणि बिलिरुबिन? काही जणांचं मुळातच थोडं जास्त असतं. त्याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात, आणि तो निरुपद्रवी असतो. उपाशी राहिलं की हे बिलिरुबिन आणखी वाढतं. तेव्हा निर्जळी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिलं असेल, तर ते डॉक्टरांना सांगा.

वयाचा भाग

वय वाढतं तसा यकृताचा आकार आणि त्यातला रक्तपुरवठा कमी होतो. काही औषधं शरीरातून हळू बाहेर पडतात. म्हणून म्हातारपणी एलएफटी बिघडलं की पहिला प्रश्न: काय काय घेताय? त्यात क्षयरोगाची औषधं आली, सर्दीच्या आणि अंगदुखीच्या गोळ्यांतलं पॅरासिटामॉल आलं, आणि हो, काढेही आले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण 'झाडपाल्याचं आहे, सांगायची काय गरज?' असं म्हणू नका. अप्पांच्या बाबतीतही सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधल्या काकांनी दिलेला काढा निघालाच!

आता उलटी बाजूही ऐका. एसजीपीटी वयानुसार कमी होत जातं. त्यामुळे ते नॉर्मल आहे म्हणून यकृत ठणठणीत, असंही नाही. इथे 'फिब-४' नावाचा साधा हिशोब कामी येतो. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. अप्पांचं बघा: ७४ गुणिले ४६ म्हणजे ३४०४. प्लेटलेट २ लाख ३० हजार, म्हणजे २३०. ६४ चं वर्गमूळ ८. २३० गुणिले ८ म्हणजे १८४०. भागाकार आला १.८५.

तरुणांसाठी १.३ च्या वर गेलं की पुढे तपासतात. पण सूत्रातच वय असल्यामुळे ज्येष्ठांचा आकडा आपोआप फुगतो. म्हणून ६५ च्या पुढे ही रेषा २ धरतात. अप्पा रेषेच्या आत. यकृतात जास्त जून व्रण असण्याची शक्यता कमी. मात्र हे निदान नव्हे, फक्त चाळणी.

मग काय झालं?

डॉक्टरांनी आधी गोळी परत सुरू केली. म्हणाले, "एन्झाइम्स तीनपटीच्या आत असतील आणि कावीळ नसेल, तर स्टॅटिन सहसा थांबवत नाही. तुमच्या हृदयात स्टेंट आहे, तो विसरलात का?" काढा बंद केला. शुगर, हिपॅटायटिस बी आणि सी, सोनोग्राफी झाली. निघालं काय, तर सौम्य फॅटी लिव्हर. संध्याकाळचं फरसाण सुटलं. दोन महिन्यांनी एसजीपीटी ५१. काढा सुटल्याने की फरसाण सुटल्याने, ते कुणी सांगू शकत नाही. पण गोळी चालू असताना आकडा उतरला, हे अप्पांनी स्वतः पाहिलं.

वाट बघायची नाही अशा वेळा

डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाला पांढरट, पोट फुगणं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी, असंबद्ध बोलणं, दिवसा झापड, ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं. यातलं काहीही दिसलं तर आकड्यांची चर्चा नको, थेट दवाखाना गाठा. कारण नसताना वजन उतरत असेल किंवा अंगाला सारखी खाज येत असेल, तर तेही लवकर दाखवा.

बाकी वेळी तीनच गोष्टी करा. जुने रिपोर्ट शोधून आकड्यांची चाल बघा. घेत असलेल्या प्रत्येक गोष्टीची यादी करा, काढ्यासकट. आणि कुठलीही गोळी परस्पर बंद करू नका.

शेवटी एक, आपल्या पिढीसाठी. आई-बाबांची पीडीएफ आली की 'बघतो नंतर' म्हणू नका. अप्पा तीन आठवडे एकटे घाबरत होते, आणि आम्ही शेजारच्याच खोलीत होतो.

काळजी घ्या. भेटूया पुढच्या भागात!