टॅग क्रमांक ०३२३३

२७ जानेवारी २०२५. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी अंडी घालायला आली. विणीच्या हंगामात कोकणाला यात नवल नाही. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने वेळासला कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि ते काम पुढे गावोगाव पसरलं. घरटं सापडलं की कासवमित्र अंडी अलगद काढतात, मोजतात आणि हॅचरीत तशाच खोलीचा खड्डा करून पुरतात. कुत्र्या-कोल्ह्यांपासून आणि भरतीच्या पाण्यापासून ती तिथे सुरक्षित राहतात.

या मादीच्या परावर मात्र धातूची एक छोटी पट्टी होती. पट्टीवर आकडा कोरलेला होता : ०३२३३.

हा साधा फ्लिपर टॅग होता. त्यात बॅटरी नसते आणि तो उपग्रहाला संदेशही पाठवत नाही. कुणीतरी वाकून आकडा वाचला आणि तो योग्य ठिकाणी कळवला, तरच त्याचा उपयोग. इथे ते घडलं. क्रमांकाचा माग निघाला तो थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, ओडिशात. १८ मार्च २०२१ रोजी गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, डॉ. बासुदेव त्रिपाठी यांच्या पुढाकाराने चाललेल्या मोहिमेत, हा टॅग तिला लावला होता.

गहिरमाथा म्हणजे कासवांची जत्राच. तिथे थोड्याच दिवसांत हजारो-लाखो माद्या एकदम किनाऱ्यावर येतात. या सामूहिक विणीला ‘अरिबाडा’ म्हणतात. कोकणात मात्र माद्या एकेकट्या येतात. त्यामुळे पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असाच सर्वसाधारण समज होता. त्याला आधारही होता : समुद्री कासवांची मादी जिथे जन्मते, साधारण त्याच भागात विणीला परत येते.

या समजाला पहिला तडा दोन वर्षं आधी गेला होता. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याच्या वनविभागाचं कांदळवन प्रतिष्ठान यांनी २०२२ मध्ये कोकणातल्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले. वेळासची ‘प्रथमा’ त्यातली पहिली. २०२३ मध्ये गुहागरहून आणखी दोघी निघाल्या, ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’. त्यातली बागेश्री दक्षिणेकडे पोहत राहिली, श्रीलंका ओलांडून पुढे गेली आणि बंगालच्या उपसागरात शिरली. कोकणात अंडी घालणारी मादी पूर्वेकडे जाते, एवढं तिने दाखवून दिलं. तरी ती तिथे चरायला गेली असेल, असं म्हणायला जागा होती.

०३२३३ ने ती जागा ठेवली नाही. सामूहिक विणीच्या वेळी गहिरमाथ्याच्या वाळूवर नोंदलेली मादी चार वर्षांनी गुहागरला अंडी घालत होती. श्रीलंकेला वळसा घातला असं धरलं, तर हे अंतर साधारण साडेतीन हजार किलोमीटर भरतं. एकच मादी दोन्ही किनाऱ्यांवर विणीला येते, याचा असा रोकडा पुरावा भारतात पहिल्यांदाच हाती लागला. तिने गुहागरला घातलेली अंडी १२०. त्यातून १०७ पिल्लं बाहेर पडून समुद्रात गेली.

एका मादीवरून सगळ्या जातीचा नियम ठरत नाही, हे खरं. पण दोन किनाऱ्यांमधली भिंत पक्की नाही, एवढं नक्की ठरलं. म्हणजे ओडिशाच्या समुद्रात ट्रॉलच्या जाळ्यात गुदमरून मेलेलं कासव उद्या कोकणात घरटं करणारं असू शकतं. दोन राज्यांनी आपापल्या किनाऱ्यापुरता हिशेब ठेवून भागणार नाही.

या शोधाला महागडं यंत्र लागलं नाही. एकाने टॅग लावला आणि दुसऱ्याने तो वाचला. म्हणूनच किनाऱ्यावरच्या आणि होडीवरच्या प्रत्येकाला सांगणं एवढंच : टॅग लावलेलं कासव दिसलं, तर पट्टी काढू नका. फोटो घ्या, आकडा टिपून ठेवा आणि वनविभागाला कळवा. कासव किंवा डॉल्फिन जाळ्यात अडकलं, तर जाळं कापून त्याला सोडा. अशा कापलेल्या जाळ्यासाठी महाराष्ट्र सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. जाळं पुन्हा विणता येतं. पण टॅग लावलेलं कासव मेलं, तर त्याच्याबरोबर अनेक वर्षांची नोंदही बुडते.