अडकतं बोट, अडतं तळहातात

दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटतात आणि यवतमाळची शिवारं पांढरी होतात. वेचणाऱ्या बाईची बोटं दिवसभर बोंडात शिरतात, कापूस चिमटीत धरून ओढतात, ओटीत टाकतात. अशा राबत्या हाताची अनामिका एखाद्या सकाळी मिटलेलीच राहते. उघडू म्हटलं तर उघडेना. दुसऱ्या हातानं ओढली, की ‘कट्’कन सुटते. डॉक्टर याला ‘ट्रिगर फिंगर’ म्हणतात.

बिघाड सांध्यात असेल असं वाटतं ना? मग डाव्या हातानं उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी मूठ उघड-मीट करा. आत काहीतरी सरकतंय! बोट वाकवणारा एकही स्नायू बोटात नसतो. पेरं मिटवणारे मुख्य स्नायू इथे, कोपराखाली. बोटापर्यंत पोचतात ते त्यांचे दोर, म्हणजे कंडरा. हे दोर हाडाला धरून राहावेत म्हणून अंगठा सोडून प्रत्येक बोटात पाच मुख्य कड्या असतात. पहिली कडी तळहातावर, बोटाच्या मुळाशी.

ही कडी जाड झाली, दोराला गाठ आली, की नेफ्यात गाठ अडकलेल्या नाडीसारखी गत होते. मिटवणारे स्नायू दांडगे, ते गाठ खेचून नेतात; उघडणारे त्या मानानं दुबळे. म्हणून बोट मिटतं आणि तसंच राहतं. ही गाठ फ्रेंच वैद्य नोटा यांनी 1850 मध्येच नोंदवली होती.

सगळा दोष वेचणीचा किंवा विळ्याचा नाही. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रिया आणि मधुमेही यांच्यात हे जास्त दिसतं. म्हणून साखर तपासावी. आधी घट्ट पकडीची कामं कमी करावीत, काही आठवडे बोटाला पट्टी बांधावी. नाहीच जमलं तर स्टिरॉइडचं इंजेक्शन. त्यानं मधुमेह्यांची साखर काही दिवस वाढू शकते. शेवटी छोटी शस्त्रक्रिया: तेवढीच जागा बधिर करून पहिली कडी उघडतात. दोर सुटत नाही, कारण बाकीच्या कड्या त्याला धरून असतात. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभाग आहे; बोट तिथे दाखवता येतं.

तोवर दुखरं पेर ओढू-चोळू नका. बोटाच्या मुळाशी तळहात दाबून बोट हलवा. कपाशीच्या ओळींतल्या तुरीच्या दाण्याएवढं काही सरकताना लागलं, तर तीच ती गाठ.