विश्लेषण : पावसाळ्यात पोंटून बोट ठेवायची कुठे आणि कशावर?

उटनूर : मृगाच्या सरी कोसळण्यापूर्वी जलाशयातील बोटी पाण्याबाहेर काढून ठेवणे, ही आवश्यक खबरदारी मानली जाते. मात्र बोट बाहेर काढल्यानंतर ती कशावर टेकवावी, याचा विचार क्वचितच होतो. साध्या होडीला ही हयगय खपून जाते. पोंटून बोटीला खपत नाही. चुकीच्या रॅकवर एक पावसाळा काढलेली अशी बोट वरून धडधाकट दिसते, परंतु तिचा तळ निकामी झालेला असू शकतो. हीच बोट उद्या पर्यटकांना घेऊन किंवा पुरात अडकलेल्या माणसांना आणण्यासाठी पाण्यात उतरणार असेल, तर रॅकची निवड ही जीविताशी निगडित बाब ठरते.

पोंटून बोट वेगळी कशी?

तेलंगणातील कोळी वापरतात ती ‘पुट्टी’ म्हणजे गोल टोपलीसारखी होडी. काम संपले की ती काठावर पालथी घालता येते; पाऊस वरून ओघळून जातो. पोंटून बोटीची रचना याच्या नेमकी उलट आहे. ॲल्युमिनियमच्या दोन किंवा तीन लांब, पोकळ, हवाबंद नळकांड्यांवर आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्या पट्ट्यांवर सपाट फळी आणि फळीवर आसने, कठडा व छत. पिंपांवर बांधलेल्या तराफ्याचेच हे सुधारित रूप म्हणता येईल. तळ सपाट आणि रुंद असल्याने ती सहसा डुलत नाही, उथळ पाण्यातही चालते आणि एका वेळी बरीच माणसे वाहून नेते.

पाण्यात असताना नळकांड्यांना सर्व बाजूंनी सारखा आधार मिळतो. जमिनीवर मात्र तोच भार मोजक्या ठिकाणी एकवटतो. नळकांड्याचा पत्रा अवघा काही मिलिमीटर जाडीचा असतो. खाली दगड किंवा विटांचे दोन-चार ठोकळे ठेवून बोट त्यावर टेकवली, तर त्या जागी पत्रा आत दबतो आणि सांध्यांना ताण बसतो.

भार किती आणि कुठे?

सहा-सात मीटर लांबीच्या बोटीचे वजन इंजिनासह साधारणपणे एक टनाच्या आगेमागे असते. हे वजन सारखे विभागलेले नसते. इंजिन, बॅटरी आणि इंधनाची टाकी बहुधा मागच्या बाजूस असल्याने तिकडचा आधार अधिक भक्कम हवा.

खरा धोका पुढेच आहे. छताच्या कापडात किंवा फळीवर पाणी साचले, की एक चौरस मीटर जागेत प्रत्येक सेंटिमीटर पाण्यामागे दहा किलो वजन वाढते. पंधरा चौरस मीटरच्या फळीवर दहा सेंटिमीटर पाणी तुंबले, तर तो भार दीड टनाचा, म्हणजे बोटीच्या मूळ वजनाहूनही जास्त होतो. त्यातच एखाद्या नळकांड्याला बारीक चीर असेल, तर आतही पाणी शिरते. साठ सेंटिमीटर व्यासाच्या आणि सहा मीटर लांबीच्या नळकांड्यात सुमारे १,७०० लिटर पाणी मावते. ते एक चतुर्थांश भरले, तरी सव्वाचारशे किलोंची भर पडते. म्हणून रॅकची क्षमता बोटीच्या कोरड्या वजनावर न ठरवता निदान दीडपट धरावी आणि पाणी साचू न देण्याची व्यवस्थाही करावी.

रॅक कसा असावा?

पहिला नियम असा की, आधार नळकांड्यांनाच द्यावा, फळीला नव्हे. प्रत्येक नळकांड्याच्या तळाशी लांबीच्या दिशेने एक सलग वासा येईल, अशी रचना सर्वांत सुरक्षित. भार त्यामुळे पसरतो. आडवे वासेच वापरायचे असल्यास ते फळीखालच्या पट्ट्यांच्या नेमके खाली यावेत आणि संख्येने पुरेसे असावेत. उत्पादकाने आधाराच्या जागा सांगितल्या असतील, तर त्याच पाळाव्यात.

दुसरा नियम मापाचा. दोन नळकांड्यांच्या मध्यांमधील अंतर प्रत्येक बोटीत वेगळे असते. ते फीत लावून मोजल्याशिवाय रॅक बनवण्यास देऊ नये. वासा काही सेंटिमीटर जरी सरकला, तरी नळकांडे तळावर न टेकता कडेवर टेकते.

तिसरा नियम उताराचा. बोटीचे नाक किंचित वर ठेवावे, म्हणजे फळीवरचे पाणी मागे वाहून जाते. नळकांड्याला बूच असल्यास ते उघडून आतले पाणी काढावे. मगच बोट झाकावी.

लाकूड की लोखंड?

आदिलाबादच्या परिसराला सागवानाची उणीव नाही. वाळलेले, न पिळलेले सागाचे वासे या कामास उत्तम. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला तांबेयुक्त औषध लावण्याची पद्धत आहे. असे लाकूड मात्र ॲल्युमिनियमला थेट भिडू देऊ नये. ओलाव्यात तांब्याच्या संपर्काने ॲल्युमिनियम खाल्ले जाते. लोखंडी रॅकचेही तसेच. दोन भिन्न धातू ओले होऊन एकमेकांना टेकले, की गंज सुरू होतो. मध्ये रबराची किंवा कठीण प्लास्टिकची पट्टी घातल्यास हा प्रश्न सुटतो. गोणपाट किंवा गालिचा टाळावा, कारण तो ओल धरून ठेवतो.

जमिनीचा विचार का करावा?

या भागात काळी माती मोठ्या प्रमाणावर आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. अशा मातीवर थेट उभा केलेला रॅक पहिल्या जोरदार पावसानंतर एका बाजूला खचतो आणि सारा भार दुसऱ्या नळकांड्यावर जातो. काळी माती काढून मुरुम भरावा, तो चोपून बसवावा आणि रॅकच्या पायांखाली काँक्रीटचे रुंद ठोकळे द्यावेत. वळवाच्या वाऱ्याचा जोर लक्षात घेऊन छत उतरवून ठेवावे. बोट केवळ रॅकला न बांधता जमिनीत पुरलेल्या आकड्यांना बांधावी.

कडेमचा अनुभव काय सांगतो?

उटनूरच्या दक्षिणेस असलेल्या कडेम जलाशयाची पूर्ण पातळी ७०० फूट आहे. काठावरील जागा या पातळीच्या वर असली की सुरक्षित, असा समज होऊ शकतो. जुलै २०२२ मध्ये तो फोल ठरला. आवक पाच लाख क्युसेकच्या वर गेली. ती धरणाच्या विसर्गक्षमतेपेक्षा कितीतरी अधिक होती. दरवाजांवरून पाणी वाहू लागले आणि खालच्या गावांतील लोकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. १९५८ मध्ये तर पुराचे पाणी धरणावरून जाऊन ते फुटले होते. त्यामुळे रॅकसाठी जागा निवडताना पूर्ण पातळीऐवजी आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची खूण पाहणे शहाणपणाचे. धरणाखालचा नदीकाठ तर पूर्णपणे वर्ज्य मानावा.

समुद्रकाठी हाच विचार पिढ्यान्‌पिढ्या रुजला आहे. महाराष्ट्र आणि गोव्यात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी लहान होड्या भरतीरेषेच्या बऱ्याच वर ओढून, खाली ओंडके देऊन, झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारल्या जातात. पाणी कुठवर येते, हे तेथील कोळ्यांना अनुभवाने ठाऊक असते. जलाशयाच्या काठी तशी ठरलेली भरतीरेषा नसते, हाच मोठा फरक.

बचावकार्याची बोट असेल तर?

येथे गरजच उलटी होते. पर्यटनाची बोट पावसाळाभर पडून राहते, तर बचावाची बोट नेमकी पावसाळ्यातच लागते. तिच्यासाठी स्थिर रॅकपेक्षा ट्रॅक्टरला जोडता येणारा ट्रेलर योग्य. ट्रेलरचे वासेही वरील नियमांनुसारच असावेत. उभे असताना चाकांवरचा भार जॅक लावून कमी करावा, मात्र चाके चढवलेलीच ठेवावीत. ट्रेलर बारमाही रस्त्यालगत उभा असावा, कारण चिखलात रुतलेली बोट पुराच्या रात्री कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

रॅक कोणताही असो, दर पंधरा दिवसांनी पाहणी हवीच. वासे सरकले का, पाणी साचले का, पाय खचले का, हे पाहावे. नळकांड्यावर हलकेच ठोकून आवाज ऐकावा. पोकळ आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आत पाणी आहे, असे समजावे आणि चीर सापडून ती बुजवेपर्यंत त्या बोटीत एकही प्रवासी बसवू नये.