अंगणातली दुर्बीण आणि आकाशातले पुसट ठिपके

चैत्रातल्या एका अवसेच्या रात्री औद्योगिक वसाहतीबाहेरच्या माळावर आम्ही आमची सहा इंची दुर्बीण लावून बसलो होतो. दुसरी पाळी संपवून आलेल्या एका फिटरने तिला डोळा लावला, क्षणभर पाहिले आणि म्हणाला, "दादा, भिंगावर वाफ धरलीय, पुसून घ्या." ती वाफ नव्हती. सिंह राशीतल्या दोन दीर्घिका त्याला दिसत होत्या. आपली आकाशगंगा जशी अब्जावधी ताऱ्यांची, तशीच त्यांतली प्रत्येक. आणि तिथला प्रकाश सुमारे साडेतीन कोटी वर्षे वाट चालून त्या रात्री त्याच्या डोळ्यात शिरत होता.

त्याची निराशा आम्हाला खोटी वाटली नाही. त्याने पाहिलेली छायाचित्रे रंगीबेरंगी, आणि इथे पाहावे तर राखेचे बोट उमटल्यासारखा डाग! पण कॅमेरा तासन् तास उघडा राहून प्रकाश साठवतो. डोळ्याला तशी शिल्लक टाकता येत नाही. आला प्रकाश लगेच खर्ची पडतो. शिवाय रंग ओळखणाऱ्या पेशी मंद उजेडात काम थांबवतात. म्हणून दुर्बिणीतून दीर्घिका करडीच दिसणार. हे पाहुण्याला आधीच सांगावे. फसवून आणलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही, हे आम्ही संघटनेच्या कामात शिकलो आहोत.

दुर्बीण दिसली की पहिला प्रश्न ठरलेला: "किती पट मोठे दिसते?" खरे विचारायचे ते हे, की ती प्रकाश किती गोळा करते. अंधारात तरुण माणसाची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते (आमच्या वयात तेवढीही नाही). सहा इंची आरसा तिच्या सुमारे साडेचारशे पट प्रकाश वेचतो. पुसट वस्तू शोधताना कमीत कमी मोठे दाखवणारे नेत्रभिंग लावावे, म्हणजे आकाशाचा विस्तीर्ण तुकडा दृष्टीत येतो.

त्या फिटरला आम्ही वीस मिनिटे डोक्यावर टॉवेल घेऊन बसवले आणि मोबाईल काढून घेतला. अंधाराला डोळा सरावायला एवढा वेळ लागतोच. एकदा दिवा पाहिला की सारी कमाई बुडाली. मग त्याला सांगितले, "डागाकडे थेट पाहू नकोस, नजर थोडी बाजूला ठेव." मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मध्यबिंदूवर नसतात, कडेला असतात. तो गप्प राहिला, आणि मग ओरडला, "दोन आहेत की! आणि दोन्ही लांबट!"

या डागांची पहिली कामाची यादी केली ती शार्ल मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदाने, आणि तीही कंटाळून. तो धूमकेतू शोधणारा. 1758 साली एका धूमकेतूचा माग काढताना वृषभ राशीत त्याला एक डाग भेटला. पण तो जागचा हलेना. पुन्हा फसायला नको म्हणून अशा डागांची तो नोंद करू लागला. 1781 पर्यंत त्या 103 झाल्या. पुढे भर पडून आज त्या 110 मोजतात. धूमकेतूंच्या शिकाऱ्याने जे अडगळ म्हणून बाजूला टाकले, त्यात सुमारे चाळीस दीर्घिका निघाल्या!

आता त्या सापडायच्या कशा? नव्या वस्तीत सभासदाची खोली शोधतो तशा: ठळक खुणेपासून निघून खुणेखुणेने. चैत्रात रात्री नऊच्या सुमारास सिंह राशी जवळजवळ डोक्यावर असते. पूर्वा फाल्गुनीचे दोन तारे आणि उत्तरा फाल्गुनीचा एक मिळून काटकोन त्रिकोण होतो. पूर्वेच्या दोहोंपैकी दक्षिणेकडचा तारा धरावा, हात लांब करून दोन बोटांइतके आणखी दक्षिणेला सरकावे. फिटरच्या त्या दोन दीर्घिका तिथेच आहेत.

नवख्याने मात्र आरंभ पुष्यापासून करावा. पुष्य नक्षत्रातला पुंजका नुसत्या डोळ्यांना धुरकट दिसतो. गॅलिलिओने दुर्बीण रोखली तेव्हा त्यात चाळीसच्या वर तारे निघाले. तिन्हीसांज सरताच पश्चिमेला मृग असतो. त्याच्या पोटातल्या बाणाखालचा अंधूक ठिपका म्हणजे तारे जन्माला घालणारा तेजोमेघ. आत चार ताऱ्यांची चिमुकली चौकट दिसते. तो पाहून कोणी निराश झालेले आम्ही पाहिले नाही.

आणि एक गोष्ट आपल्या वाट्याची. वैशाखात रात्री दहाच्या सुमारास चित्रा मध्यावर आली की तिच्या सरळ खाली, दक्षिण क्षितिजाच्या वर, एक धुरकट तारा दिसतो. तो तारा नव्हे, सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा लक्षावधी ताऱ्यांचा गोल गुच्छ आहे. त्याला ओमेगा सेंटॉरी म्हणतात. पॅरिसमधून तो क्षितिजावर येतच नाही, म्हणून मेसिएच्या यादीत नाही. आम्हाला तो घराच्या गच्चीवरून दिसतो, हे सांगताना आमची छाती थोडी फुगते.

हे डाग आकाशगंगेच्या आतले की बाहेरचे, हा वाद फार दिवस चालला. 1923 साली एडविन हबलने देवयानीतल्या डागात एक रूपविकारी तारा हेरला, त्यावरून अंतर काढले, आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली. हबलचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या सोबत्याचे आम्हाला अधिक प्रिय. मिल्टन ह्यूमासनची शाळा चौदाव्या वर्षी सुटली. माउंट विल्सनवर वेधशाळा उभी राहत असता तो खेचरांवरून सामान वर नेई. 1917 साली तिथेच झाडलोटीच्या कामावर लागला. रात्री दुर्बिणीशी मदत करता करता त्याचा हात असा बसला, की पुढे दूरदूरच्या दीर्घिकांचे वर्णपट घेण्याचे नाजूक काम त्याच्यावरच आले. त्या मोजमापांनी विश्व प्रसरण पावते आहे या सिद्धांताला बळ दिले.

दुर्बिणीच्या पैशाची चिंता आहेच. जॉन डॉबसन या रामकृष्ण संप्रदायातल्या संन्याशाने अमेरिकेत मिळेल त्या लाकडातून आणि काचेतून दुर्बिणी बनवल्या, आणि 1967 साली मठ सुटल्यावर त्या रस्त्याच्या कडेला मांडून येईल त्याला आकाश दाखवले. त्याची लाकडी बैठक चांगल्या सुताराला सहज जमते. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी लोकांसाठी काम करते आहे. नवख्याने आधी अशा मंडळींत जाऊन बसावे.

अडचण उरते ती उजेडाची. आमच्या माळाच्या कडेला गेल्या वर्षी पांढऱ्या दिव्यांचे खांब आले. पाळी सुटून येणाऱ्या बायाबापड्यांना रस्त्यावर उजेड हवा, आणि तो आम्हीच भांडून मागितला होता. पण त्या दिव्यांना वरून टोपी नाही, निम्मा उजेड आभाळात जातो. टोप्या बसवा असा अर्ज आम्ही दिला आहे. तोवर तो फिटर आणि आम्ही दुर्बीण सायकलला बांधून दोन मैल पुढे, ओढ्यापलीकडे नेतो.