विमानात आधी चढण्यासाठी जादा पैसे का मोजावेत?

विमानप्रवास म्हणजे साहेबलोकांची आणि पुढाऱ्यांची मिरास, असे एके काळी समजले जाई. आज ती स्थिती राहिलेली नाही. नोकरीला लागलेला मुलगा आई-वडिलांना विमानाने बोलावून घेतो. आखाती देशात कामाला गेलेला भाऊ विमानानेच घरी येतो. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर आपली कितीतरी माणसे आयुष्यात पहिल्यांदा विमानाची पायरी चढतात. तिकीट काढताना त्यांना एक गोष्ट विचारली जाते : ‘प्रायॉरिटी बोर्डिंग हवे काय?’ म्हणजे जादा पैसे भरा आणि इतरांच्या आधी विमानात बसा. हे पैसे भरावेत की नाही, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत. कष्टाचा पैसा केवळ भीतीपोटी जाऊ नये, एवढाच आमचा हेतू आहे.

आपल्याला सवय एस.टी.ची. खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली! त्यामुळे आधी चढलो नाही तर जागा जाईल, असे मनात येणे साहजिक आहे. विमानात मात्र आसनाचा क्रमांक बोर्डिंग पासवर छापलेला असतो. शेवटी चढलात तरी ते आसन तुमचेच. अमेरिकेतील साउथवेस्ट ही कंपनी अर्धशतकाहून अधिक काळ क्रमांक न देता प्रवाशांना बसवीत असे. तेथे आधी चढण्याला खरोखरच किंमत होती. पण ही पद्धत सोडणार असल्याचे त्या कंपनीनेही २०२४ साली जाहीर केले.

मग रांग एवढी का रखडते? एअरबस ए-३२० सारख्या विमानात सुमारे १८० प्रवासी असतात आणि मध्ये एकच अरुंद वाट. एक जण डोक्यावरच्या कप्प्यात बॅग ठेवू लागला की मागचे सगळे थांबतात. वाटेकडेचा प्रवासी आधी बसला असेल, तर खिडकीकडच्यासाठी त्याला पुन्हा उठावे लागते. वेळ खातात त्या या दोन गोष्टी.

जेसन स्टेफन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने २००८ साली या कोड्याचे गणित मांडले. पुढे ७२ प्रवासी आणि १२ ओळींच्या नमुना-विमानात त्याची प्रत्यक्ष चाचणीही झाली. मागच्या ओळींपासून गटागटाने बसविणे शिस्तीचे वाटते. पण त्याला जवळजवळ सात मिनिटे लागली. कोणताही क्रम न लावता सोडले, तेव्हा पाच मिनिटांच्या आतच काम झाले! खिडकीवाले आधी, मग मधले, मग वाटेकडचे, हा क्रम त्याहून थोडा जलद ठरला. आणि एक ओळ सोडून एक अशा खिडक्या आधी भरण्याची स्टेफन यांची पद्धत साडेतीन मिनिटांच्या आसपास संपली. कारण सोपे आहे. एकाच ठिकाणच्या माणसांना एकदम बोलावले, तर ती एकमेकांच्या वाटेत येतात; लांब लांब विखुरली, तर अनेकांचे सामान एकाच वेळी ठेवून होते. युनायटेड एअरलाइन्सने २६ ऑक्टोबर २०२३ पासून साध्या वर्गात खिडकी, मधले, वाटेकडचे हा क्रम पुन्हा सुरू केला. एकत्र तिकीट काढलेल्या कुटुंबाची मात्र त्यात ताटातूट होत नाही.

हे गणित ठाऊक असूनही सगळ्या कंपन्या ते का वापरीत नाहीत? एक तर कुटुंबे एकत्र चढू इच्छितात. दुसरे म्हणजे, रांगेतील पुढची जागा हा विकण्याचा माल झाला आहे. २००८ साली अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच चेक-इन बॅगेवर आकार लावला, इतरही कंपन्यांनी तोच मार्ग धरला. साहजिकच लोक बॅगा विमानात आत नेऊ लागले आणि कप्पे भरू लागले. कप्प्यात जागा मिळावी म्हणून आधी चढण्याला भाव आला. टंचाई आधी तयार झाली, मग तिच्यावरचा उपाय विकला गेला.

आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात बहुतेक तिकिटांवर १५ किलो सामान चेक-इन करता येते आणि हातात ७ किलोची एक बॅग नेता येते. मोठी बॅग काउंटरवर दिली, की कप्प्याची चिंता उरत नाही. विमान लांब उभे असेल आणि बसने जायचे असेल, तर बसमध्ये आधी चढलेला आतच उभा राहतो. बस भरल्याशिवाय हलत नाही. आणि आधी बसा वा नंतर बसा, विमान सर्वांना घेऊन एकाच वेळी उडते.

आमच्या माता-भगिनींनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एकाच तिकिटावर असलेल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांशेजारी आसन द्यावे, असा आदेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना दिला आहे. तेव्हा मुलाची ताटातूट होईल या भीतीने पैसे मोजू नयेत. वृद्ध किंवा अपंग माणसासाठी व्हीलचेअर लागणार असेल, तर तिकीट काढतानाच कळवावे. अशा प्रवाशांना बहुधा सर्वांच्या आधी आत नेतात. त्यासाठी प्रायॉरिटीचे तिकीट लागत नाही. तान्हे मूल बरोबर असेल, तर गेटवरील कर्मचाऱ्याला सांगावे. संकोच करू नये. गेट मात्र साधारणपणे उड्डाणाच्या २५ मिनिटे आधी बंद होते. त्या वेळेला चुकू नये.

ज्याच्याकडे नाजूक सामान आहे आणि ते हातातच न्यायचे आहे, त्याने पैसे भरले तर ते वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु शेजारी काय म्हणतील किंवा आपण मागे राहू, या भावनेने कोणी भरू नयेत. म्हाताऱ्या माणसाला आणि लेकुरवाळीला आधी जाऊ देणे ही माणुसकी आहे. पैसे घेऊन पुढे सोडणे हा व्यापार आहे. रांगेत शेवटी उभे राहिल्याने कोणाचा मान कमी होत नाही. वाचलेल्या पैशांत मुलांसाठी दोन पुस्तके घेतली, तर तो खर्च अधिक कारणी लागेल.