जीर्ण वस्त्रांची वाट

दीपावली तोंडावर आली की घराघरांतून माळ्यावरची गाठोडी खाली उतरतात, ट्रंकांची झाकणे उघडतात आणि कपाटांतील कपडे अंगणातील उन्हात येतात. लक्ष्मीचे आगमन व्हावयाचे, तर घर झाडून-पुसून ठेवणे ओघानेच आले. पण जळमटे काढणे सोपे, कपडे काढणे अवघड. न वापरलेला सदरा, लग्नातील आहेराचे पातळ, मुलांना आखूड झालेले अंगरखे हातात घेऊन घरची मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. ठेवावे, तर जागा नाही. टाकावे, तर मन होत नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बाविसावा श्लोक आम्ही कीर्तनकार पूर्वरंगात किती वेळा सांगतो, याची गणती नाही. मनुष्य जीर्ण वस्त्रे टाकून नवी घेतो, तसा देही जीर्ण शरीरे टाकून नवी घेतो. श्रोते माना डोलावतात. आत्म्याचे पुढे काय होते, हे आम्ही तासभर विवरून सांगतो. पण त्या टाकलेल्या वस्त्राचे पुढे काय झाले, असे आजवर एकाही श्रोत्याने आम्हांस विचारलेले नाही. निदान सोलापुरात तरी हे विचारले जावयास हवे होते. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी घरोघरी माग मांडले. मार्कंडेय ऋषींच्या कुळातील भावनाऋषींनी कमळाच्या देठातील तंतूंपासून देवांसाठी पहिले वस्त्र विणले, असे ही मंडळी श्रद्धेने सांगतात. सोलापूरची चादर आणि टॉवेल ठाऊक नाही, असे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. ज्या गावाने सुतावर संसार केला, त्याने सुताच्या अंताचाही विचार करावा, हे उचितच होय.

पूर्वी हा अंत फार लांबचा असे. घरातील नऊवारी लुगडे विरले, की त्याच्या चांगल्या भागाचे परकर होत. त्याहून मऊ झालेल्या भागाची दुपटी आणि झबली होत. नवजात बालकास बारशापर्यंत नवे कापड न लावता आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळावयाचे, ही रीत आजही पुष्कळ घरांत आहे, आणि ती अडाणीपणाची नव्हे. शंभरदा धुतलेले सुती कापड जितके मऊ असते, तितके दुकानातील कोणतेही कापड नसते. उरलेले तुकडे एकावर एक अंथरून, धावदोऱ्याने शिवून वाकळ होई. आमच्या या त्रिभाषिक सीमाभागात मराठी घरात तिला वाकळ वा गोधडी म्हणतात, कानडी घरात कौदी आणि तेलुगू घरात बोंत. तीन भाषा, पण टाके सारखेच. वाकळ फाटली की तिचे पायपुसणे, पायपुसण्याचे पोतेरे आणि पोतेऱ्याची शेवटी मातीच.

हा क्रम केवळ आपल्या आजीबाईंचा नव्हे. बौद्धांच्या विनयपिटकात एक कथा येते. कौशांबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी भिक्षू आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाला वाटले, हा भिक्षू आता कापडाचे दुकान मांडणार की काय! त्याने जाऊन विचारले, इतक्या वस्त्रांचे करणार काय? ज्यांची चीवरे विरली, त्या भिक्षूंना वाटून देऊ. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे काय? त्यांच्या गाद्यांच्या खोळी. खोळींची पुढे जमिनीवरची अंथरणे, अंथरणांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडण्याची फडकी. आणि फडक्यांचे काय? त्यांचे तुकडे करून, मातीत कालवून जमीन लिंपू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. ज्याला शेवटच्या चिंधीचाही हिशेब देता येतो, त्याच्याच हाती अधिक द्यावे, हा त्या राजाचा व्यवहार आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो.

आज ही साखळी तुटली आहे, आणि ती तोडली कृत्रिम धाग्याने. टेरिलीन, पॉलिएस्टर यांची वस्त्रे स्वस्त, टिकाऊ आणि चुणी न पडणारी. म्हणूनच ती घरात शिरली. पण त्यांचे पोतेरे पाणी शोषत नाही, त्यांचे दुपटे बाळाला टोचते आणि त्यांची चिंधी जाळली तर वितळून तिचा घाणेरडा धूर होतो. मातीत मिसळणे तर दूरच. सुती कापडाचाही खर्च थोडा नव्हे. एका सुती सदऱ्यासाठी कापसाच्या शेतापासून सुमारे २७०० लिटर पाणी खर्ची पडते, असा एक अंदाज जगभर सांगितला जातो. पाण्याची वाट पाहण्यात हयात गेलेल्या आमच्या जिल्ह्याला तरी हा आकडा कळावयास हवा.

मग जुने कपडे गरिबांना द्यावेत, असे कोणीही म्हणेल. येथे थोडे थांबावयास हवे. कठोपनिषदाच्या आरंभी वाजश्रवसाचा यज्ञ आहे. पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या गाई तो दक्षिणेत देत होता आणि लहानग्या नचिकेताला ते पाहवले नाही. दिवाळीला घरी काम करणाऱ्या बाईंच्या हाती विटलेली, काठ फाटलेली साडी ठेवून आपण दान केले असे मानणारे गृहस्थ वाजश्रवसाचेच वारस होत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दुसऱ्याने वापरलेले वस्त्र नेसू नये, असे सांगितले आहे; आणि त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात शूद्र सेवकाला मात्र उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत, असेही आहे. पहिले वचन स्वतःसाठी आणि दुसरे दुसऱ्यासाठी, ही वाटणी आम्हांस मान्य नाही. ज्या पंढरीत महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे, तेथे राहून ती मान्य करणे शक्यही नाही. बाईंना दिवाळीला नवी साडीच द्यावी. जुनी द्यावयाची असेल, तर ती आपण स्वतः पाहुण्यांसमोर नेसू शकू इतकी चांगली असावी, धुऊन-इस्त्री करून द्यावी आणि हवी का, असे आधी विचारावे.

तीस सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला आणि आपल्या सर्वांच्याच घरांतून कपड्यांची गाठोडी निघाली. देण्याची ओढ खरी होती. पण संकटात सापडलेल्या माणसाला काय हवे, हे गाठोडे बांधणारा क्वचितच विचारतो. २००४ सालच्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत अशा जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. दिल्लीत अंशू गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने ते कपडे गोळा करून, निवडून उपयोगात आणले. जुने सुती कापड स्वच्छ करून स्त्रियांच्या मासिक पाळीसाठी घड्या बनविण्याचे तिचे काम तर विशेष आहे. या विषयाचे नाव देवाधर्माच्या पानावर कशाला, असे कोणास वाटेल. पण ज्या सुती घडीवाचून गावोगावच्या मुलींची कुचंबणा होते, ती पुरविणे हे वस्त्रदानच आहे, असे आमचे मत आहे.

वस्त्र देण्यात लहान-मोठे उरत नाही, हे सांगणारी कथा आमच्या पंढरीचीच आहे आणि महिपतीबुवांच्या ‘भक्तविजया’त ती येते. जनाबाईच्या झोपडीत रात्री आलेला पांडुरंग काकडआरतीची वेळ झाली म्हणून घाईने उठला आणि आपला शेला व पदक तेथेच ठेवून जनीची ठिगळांची वाकळ पांघरून राऊळात जाऊन उभा राहिला. पहाटे पुजाऱ्यांना देवाच्या अंगावर वाकळ दिसली आणि पदक दिसेना. पुढे जनीवर चोरीचा आळ आला, तिला सुळी द्यावयास नेले आणि सुळाचे पाणी झाले. कीर्तनात आम्ही सुळाचा प्रसंग रंगवितो, कारण श्रोत्यांना तो हवा असतो. आमचे स्वतःचे मन मात्र त्या वाकळेवर अडकते. ती जनीने देवाला टाकून दिलेली नव्हती. ती तिची रोजची पांघरण्याची होती.

पंढरीचा विषय निघाला, म्हणून एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चंद्रभागेत स्नान करून अंगावरचे ओले कपडे तेथेच सोडून देणारे, आणि मृताचे कपडे पाण्यात सोडल्याने त्याला गती मिळते असे मानणारे भाविक आजही पुष्कळ आहेत. गंगेच्या पात्रात कोणती कर्मे करू नयेत, याची यादी धर्मनिबंधांत दिलेली आहे. तिच्यात वस्त्रत्याग स्पष्ट शब्दांत येतो. मृताच्या निमित्ताने शास्त्राने सांगितले आहे ते वस्त्रदान, आणि दान घ्यावयास समोर हात असावा लागतो. नदीला हात नाहीत. तिच्या वाळूत अडकलेला पॉलिएस्टरचा सदरा कोणालाही कोठेही नेत नाही.

खुद्द देवाच्या घरीही साठा करीत नाहीत. यात्रा उलगडली की पंढरीत प्रक्षाळपूजा होऊन राऊळ धुऊन निघते. कोल्हापूरच्या अंबाबाईला आलेल्या साड्या प्रसाद म्हणून भक्तांच्या घरी जातात. आपल्या घरात मात्र ओटीत आलेला ब्लाऊजपीस वर्षानुवर्षे फिरत असतो. या घरातून त्या घरात, त्या घरातून पुन्हा या घरात, आणि त्याचा ब्लाऊज कधीच कोणी शिवीत नाही. आम्ही तरी कोणास हसावे? प्रत्येक कीर्तनाला शाल आणि श्रीफळ मिळते. श्रीफळाची त्याच दिवशी चटणी होते, शाली ट्रंकेत जातात. अलीकडे आमच्या घरी एक नेम आहे. वर्षभराच्या शाली कार्तिकीपूर्वी बाहेर काढावयाच्या आणि वाळवंटात उघड्यावर निजणाऱ्या वारकऱ्यांच्या स्वाधीन करावयाच्या. पाडव्यापासून अकराव्या दिवशी एकादशी येते आणि तोवर पहाटेचा गारवा अंगाला लागू लागलेला असतो.

तेव्हा यंदा गाठोडे सोडाल, त्या वेळी घाई करू नका. नेसण्याजोगे वेगळे करा, धुवा, तुटलेली गुंडी लावा, उसवलेली शिवण घाला आणि घेणाऱ्याला विचारून द्या. भांड्यांवर कपडे घेणारी बोहारीण दारी आली, तर तिच्याशी फार घासाघीस करू नये; तिने नेलेला कपडा पुढे दुरुस्त होऊन कोणाच्या तरी अंगावर जातो. लोकरीचे विटलेले कपडे भंगारात गेले तरी हरकत नाही, पानिपतात अशा चिंध्यांचा पुन्हा धागा होऊन कांबळी होतात. पॉलिएस्टरला मात्र घरी दुसरी वाट नाही, ते बाजारातच कमी घ्यावे. सुती असेल ते वाकळेसाठी राखावे; गावात वाकळ शिवून देणाऱ्या बाया अजून आहेत, त्यांना त्यांची मजुरी पुरती द्यावी. आणि जुन्या धोतराचा पांढरा, धुतलेला तुकडा उरलाच, तर त्याच्या पट्ट्या पिळून जवळच्या देवळात नेऊन द्या. देवाला नेसवावयाचे वस्त्र अहत, म्हणजे कोरे लागते. काकड्याच्या वातीला तो नियम लावलेला आम्ही कोठे पाहिला नाही. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावी पहाटे काकडा चालतो आणि वाती कमी पडतात, अशी पुजाऱ्यांची तक्रार आम्ही दरवर्षी ऐकतो.